ठाणेकरांनी मालवणची प्रवाळसफर कशी आखावी

ठाण्याच्या खाडीतला गाळ हा तिथल्या खारफुटीचा आणि रोहित पक्ष्यांचा आधार आहे. प्रवाळाला मात्र नितळ पाणी आणि तळापर्यंत पोहोचणारे ऊन लागते, म्हणून पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहायचे असतील तर ठाणे-नवी मुंबईच्या माणसाने मालवण गाठावे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकाळ समुद्रात स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि श्वास घेण्याची नळी लावून तरंगत तळ पाहणे, आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर, म्हणजे पर्यटकांच्या ‘त्सुनामी आयलंड’वर, विसावा अशा दोन्ही गोष्टी एका सकाळीत बसतात; अट एवढीच, की तारीख ठरवताना सुट्टीच्या आधी तिथी पाहावी.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला हा आकडा सहा येतो, म्हणजे मुंबईकडे सकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. मालवणला दोन्ही वेळा याच्या थोड्या आधी येतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाण्याची ओढ वाढते, तळाची वाळू ढवळली जाते, शिवाय ऐन दुपारच्या भरतीत वाळूचा पट्टा पाण्याखाली जातो. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीमधली, सप्तमी ते नवमीच्या आसपासची, भांगाच्या, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराच्या, भरतीची सकाळ निवडावी. भांगाला ओहोटी फार खोल जात नसल्याने पट्टा थोडा कमी उघडा पडतो, पण नितळ पाण्यासाठी तेवढी तडजोड अवश्य करावी. पावसाळ्यात, साधारणपणे मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, जलक्रीडा बंद असतात.

तारीख ठरली की रेल्वेचे आरक्षण आधी करावे. मालवणला रेल्वे नाही. ठाणे किंवा पनवेलहून कुडाळ, सिंधुदुर्ग अथवा कणकवलीला उतरून पुढे एसटीने वा रिक्षाने जावे लागते. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचून त्याच दिवशी समुद्रात उतरण्याची घाई करू नये. आदल्या दिवशी मुक्काम करावा, कारण दुपारनंतर वारा वाढतो, लाटा उठतात आणि सकाळचा निवांत समुद्र हातचा जातो.

खरी तयारी ठाण्यातच, घराजवळच्या तरणतलावात करावी. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. कडेखाली केस किंवा दाट मिशी आली की पाणी शिरते. नंतर कंबरभर पाण्यात तोंड बुडवून फक्त तोंडाने, सावकाश श्वास घेण्याचा सराव करावा आणि नळीत पाणी शिरले तर जोरात फुंकर मारून ते बाहेर टाकण्यास शिकावे. पहिल्यांदा उतरणाऱ्याचा श्वास घाबरून भराभर होतो, आणि पोहता येणाऱ्यांनाही हे चुकत नाही. हृदयविकार, दमा किंवा कानाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच बेत करावा.

सफरीच्या दिवशी न्याहारी हलकी ठेवावी. बोटीचा परवाना आणि प्रत्येकासाठी मापाचे लाइफ जॅकेट आहे याची खात्री करून मगच पैसे द्यावेत. जॅकेट पाण्यातही काढू नये. मास्कच्या काचेवर आतून थोडी लाळ चोळून खळबळले म्हणजे वाफ धरत नाही. पाठ उन्हात राहते, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालावा. त्यामुळे सनस्क्रीनही कमी लागते.

हा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी तो सजीवांचा समूह आहे आणि त्याची वाढ अतिशय मंद असते. एका पावलाने मोडलेला भाग भरून यायला वर्षे लागतात. त्यामुळे दमलात तर खडकावर उभे न राहता पाठीवर तरंगावे. फोटोसाठी माशांना पाव टाकण्यास वाटाड्याला स्पष्ट नकार द्यावा. तुटका तुकडाही उचलू नये, कारण कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे.

नंतर देवबागला जाऊन ओहोटीच्या सुमारास पट्ट्यावर उतरावे. तिथे सावलीची खात्री नसते, म्हणून टोपी, पिण्याचे पाणी आणि कचऱ्यासाठी पिशवी सोबत ठेवावी. मुलांना उथळ कडेलाच खेळू द्यावे. नदीच्या मुख्य प्रवाहाकडे ओहोटीचे पाणी समुद्राकडे जोरात ओढते, तिकडे चांगल्या पोहणाऱ्यानेही जाऊ नये. बोट परत कधी येणार हे उतरण्यापूर्वीच नावाड्याशी ठरवून घ्यावे आणि भरती सुरू झाल्याचे त्याने सांगताच निघावे.