जुनी पिकअप बघायला जाण्याआधी

गाडी बघायला निघायच्या आधी गेल्या हंगामाची भाड्याची वही काढा. वही ठेवली नसेल तर गाडीवाल्याला पाठवलेले पैसे मोबाईलमध्ये सापडतीलच. कुठल्या महिन्यात किती फेऱ्या, किती क्रेट, कुठलं मार्केट, हे एका कागदावर येऊ द्या. आमच्याकडे टोमॅटो पिंपळगावच्या मार्केटला जातो. तोडा चालू असेपर्यंत रोज गाडी लागते, आणि पुढचे चार महिने ती दारात उभी राहणार असते. हप्ता, विमा आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) मात्र उभं राहत नाही. समजा फेरीला १,२०० रुपये भाडं पडतं आणि वर्षाला ११० फेऱ्या होतात, म्हणजे १,३२,००० रुपये. स्वतःची गाडी घेतली तरी तेवढ्या फेऱ्यांचं डिझेल जाळावं लागणारच, ते आधी वजा करा. उरलेल्या पैशात हप्ता, विमा, टायर आणि ड्रायव्हर बसतात का ते बघा. बसत नसतील तर शेजाऱ्यांचा माल भरून भाडं मारावं लागेल, आणि रात्री तीनला उठणार कोण, त्या माणसाचं नाव घरात आत्ताच ठरवा. आमच्या घरी हा प्रश्न निघाल्यावर एकदम शांतता पसरली होती.

मग वजनाचा हिशोब. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरतात. १.७ टन माल वाहायच्या गाडीत ८५ क्रेट बसायला हवीत, पण रिकाम्या क्रेटचं वजन धरलं की आकडा ऐंशीच्या खाली येतो. रस्त्यावर शंभर-सव्वाशे क्रेट भरून पळणाऱ्या गाड्या आपण रोज बघतो. त्याच गाड्या पाच-सहा वर्षांनी 'सिंगल हँड, शेतकरी वापर' म्हणून विकायला येतात. म्हणून किलोमीटरच्या आकड्याआधी माझा प्रश्न असतो, 'दादा, गाडीत काय वाहिलं?' दुधाची गाडी रोज पळालेली असते, पण वेळेवर निघायची सवय असल्याने मालक तिचं ऑइल-पाणी सांभाळतो. कुरिअरच्या गाडीचा क्लच गेलेला असतो. वाळू-विटांची गाडी चासीत, म्हणजे खालच्या सांगाड्यात, बसते. आणि मासळीची गाडी कितीही स्वस्त मिळो, खाली वाकून बघितल्याशिवाय घेऊ नका. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं ठिबकत राहतं आणि लोखंड आतून खातं, वरून रंग मात्र छान असतो.

नंबर मिळाला की गाडीआधी कागद बघा, हे घरबसल्या होतं. परिवहनच्या ॲपवर मालक कितवा, विमा कधी संपतो, पासिंग कुठपर्यंत आहे आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे कळतं. चलनं वेगळी तपासा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं, शिवाय आठ वर्षं झाली की पर्यावरण करही येतो. म्हणजे सात वर्षांची गाडी आणि नऊ वर्षांची गाडी यांच्या किमतीतला फरक फक्त दोन वर्षांचा धरू नका. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही बघा. आरसीवर (नोंदणीच्या कागदावर) मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यापुढे लागतं. लायसन्सचं म्हणाल तर ७,५०० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे.

बोजाचं जरा जास्त मनावर घ्या. माझ्या मावसभावाने वीस हजार विसार देऊन टाकला आणि मग आरसीवर फायनान्सचं नाव दिसलं. कर्ज फिटलं होतं, पण विकणाऱ्याने फायनान्सची एनओसी (ना-हरकत दाखला) कधी आणलीच नव्हती. ती येईपर्यंत चार महिने गाडी दारात आणि माल भाड्याच्या गाडीत.

धुराच्या जुन्या नियमांची बीएस-४ घ्यायची की नव्या नियमांची बीएस-६, हेही घरीच ठरवा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ आल्या. बीएस-४ गाडी गावातला मिस्त्री दुरुस्त करतो. बीएस-६ डिझेलमध्ये सेन्सर जास्त, आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी डीपीएफ ही गाळणी असते. मळा ते मार्केट अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही आणि ती चोंदते. काही बहाद्दर ती काढूनच टाकतात. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा: गाळणी धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं, काळंकुट्ट निघालं तर समजा. तुमच्या फेऱ्या दहा-बारा किलोमीटरच्या असतील तर मी बीएस-४ घ्या म्हणेन. लांब मुंबईच्या वाशी मार्केटला माल नेणाऱ्याने बीएस-६ घ्यावी.

बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक, जुनं फडकं आणि आपला मिस्त्री एवढं बरोबर असू द्या. मिस्त्रीची दिवसाची मजुरी निघायच्या आधीच त्याच्या हातात द्या, म्हणजे तो तिकडच्या कमिशनकडे बघत नाही. विकणाऱ्याला सांगा, 'सातला येतो, गाडी चालू करू नका', आणि साडेसहालाच पोहोचा. आम्ही गेलो तेव्हा मिस्त्रीने काही न बोलता बोनेटवर पालथा हात ठेवला आणि म्हणाला, 'भाऊ, एवढ्या सकाळी कुठं जाऊन आलात?' इंजिन चांगलं गरम होतं. आम्ही चहा घेतला, नमस्कार केला आणि निघालो.

थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू व्हायला हवं. सुरुवातीला थोडा पांढरा धूर चालतो, पण तो थांबायला हवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर दिल्यावर सतत काळा येत असेल तर नोझल किंवा एअर फिल्टर बघावा लागेल. आता ऑइलचं झाकण उघडून तसंच भोकावर उलटं ठेवा. ते नाचायला लागलं, खालून भकाभक वाफ आली, तर इंजिन काम मागतंय, तेवढे पैसे किमतीतून कमी करायचे. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं. दुधाळ चहासारखं दिसलं तर मात्र पाणी मिसळलंय, परत फिरा.

मग फडकं अंथरून खाली झोपा. लाज वाटत असेल तर गाडी घेऊ नका. मागच्या कमानपाट्यांच्या हँगरजवळ चासीवर वेल्डिंगची रेघ आहे का, आणि तेवढ्याच जागी ताजा काळा रंग का मारलाय, ते बघा. लोहचुंबक केबिनच्या पत्र्यावर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पाटे दोन्ही बाजूंचे मोजा. कंपनीच्या पाट्यांपेक्षा एखादा जास्त असेल तर ती गाडी किती लादली जायची ते मालकाला विचारायची गरज नाही. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९चा बत्तिसावा आठवडा.

चालवताना चढ शोधा. तिसऱ्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि वेग वाढला नाही तर क्लच प्लेट गेली. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागच्या हाउसिंगमधून घूँऽ आवाज आला तर क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरचा, खर्च धरा.

येताना भुईकाट्यावरून रिकामी गाडी काढा. काट्याचे थोडे पैसे जातात. आमच्या गाडीचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा १८० किलो जास्त भरलं. आधीच्या मालकाने फाळके (हौद्याच्या बाजू) उंच करून हौद्याला लोखंडी पट्ट्या मारल्या होत्या. म्हणजे प्रत्येक फेरीत आठ-नऊ क्रेट कमी, नाहीतर प्रत्येक फेरीत दंडाची टांगती तलवार. त्या पट्ट्या काढायचा खर्च आम्ही तिथेच किमतीतून कापला.

जमलं तर पैसे एकदम देऊ नका, काही रक्कम नाव लागेपर्यंत ठेवा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, बोजा असेल तर तो उतरवायचा ३५ आणि फायनान्सची एनओसी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. आमच्या गाडीचं पहिलं चलन ताब्याच्या दिवशी सकाळी सव्वानऊचं निघालं, आणि आम्ही गाडी घेतली होती साडेअकराला.