शिलालेखातील रोमन व्यक्तीचे पाळण्यातले नाव कसे ओळखावे

प्राचीन रोममध्ये मुलाचे नाव जन्मानंतर नवव्या दिवशी आणि मुलीचे आठव्या दिवशी ठेवत असत. मुलाला मिळणाऱ्या या नावाला 'प्रेनोमेन' म्हणत; त्यापुढे कुळनाव आणि बहुधा शाखेचे उपनाव येई. प्रजासत्ताकाच्या अखेरच्या काळात सर्रास वापरातली प्रेनोमेन जेमतेम दीड डझन उरली होती आणि म्हणूनच ती एकदोन अक्षरांत लिहिली तरी वाचणाऱ्याला कळत असत.

वाचनाचा सराव रोममधील पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी लेखापासून करावा. त्याच्या आरंभी 'एम. अग्रिप्पा एल. एफ.' अशी अक्षरे आहेत. 'एम' म्हणजे मार्कस; 'एफ' म्हणजे 'फिलिअस', अर्थात मुलगा; आणि त्याआधीचे 'एल' हे वडिलांच्या लुसिअस या नावाचे आद्याक्षर. आपल्याकडे वडिलांचे नाव आडनावाच्या आधी येते, तर पूर्ण रोमन नावात ते कुळनावानंतर येते. अग्रिप्पाचे कुळनाव विप्सानिअस, पण येथे ते गाळलेले आहे. तेव्हा प्रत्येक लेखात सगळे भाग सापडतीलच असे गृहीत धरू नये.

'सी' या अक्षरापाशी नवखा वाचक हमखास चुकतो. त्याचा उलगडा गायस असा करायचा, कारण आरंभीच्या लॅटिन लिपीत 'क' आणि 'ग' या दोन्ही ध्वनींसाठी एकच अक्षर होते आणि पुढे 'जी' हे वेगळे अक्षर रूढ झाल्यावरही नावांच्या संक्षेपात जुनी पद्धत टिकून राहिली. ज्युलिअस सीझर हा असाच 'सी', म्हणजे गायस. तसेच नुसता 'टी' असेल तर टायटस आणि 'टीआय' असेल तर टायबेरिअस वाचावे.

अक्षर उलगडल्यावरच व्युत्पत्तीकडे वळावे. लुसिअसचा संबंध प्रकाशवाचक शब्दाशी आणि मॅनिअसचा सकाळवाचक शब्दाशी जोडतात. मार्कस युद्धदेव मार्सवरून, टायबेरिअस टायबर नदीवरून, तर नीअस अंगावरच्या जन्मखुणेवरून आल्याचे मानले जाते. क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस सहावा, डेसिमस दहावा. मात्र हा अर्थ त्या व्यक्तीला चिकटवण्याचा मोह टाळावा: रोमन वक्ता सिसेरो याचा धाकटा भाऊ क्विंटस हा दोन भावांतला दुसरा होता. नाव अर्थ पाहून नव्हे, तर घराण्याच्या वहिवाटीने ठेवले जाई. सिसेरो, त्याचे वडील आणि त्याचा मुलगा हे तिघेही मार्कसच.

वहिवाटीप्रमाणे बंदीही असे आणि कुळ ओळखताना तिचा उपयोग होतो. इ. स. पूर्व ३८४ मध्ये मार्कस मॅन्लिअस कॅपिटोलिनस याला राजा होऊ पाहिल्याच्या आरोपावरून देहदंड झाल्यावर त्याच्या कुळाने मार्कस हे नाव वर्ज्य केले.

स्त्रीच्या नावात प्रेनोमेन शोधण्याचा खटाटोप सहसा व्यर्थ ठरतो. तिला कुळनावाचेच स्त्रीलिंगी रूप मिळे: टुलिअस कुळातील सिसेरोची मुलगी टुलिआ, ज्युलिअस कुळातील सीझरची ज्युलिआ. बहिणी अनेक असल्यास क्रमांक जोडत असत आणि तेथे तो खरोखरच जन्मक्रम सांगे. सीझरचा मारेकरी ब्रूटस याची आई सर्व्हिलिआ हिच्या तीन मुलींपैकी धाकटी जुनिआ तर्तिआ, म्हणजे जुनिअस कुळातली तिसरी.