वर्ग सुरू होण्याआधी: चित्रकाराच्या स्टुडिओची तयारी

प्रवेश मिळाल्याचा मेल आला की पहिली इच्छा होते ती नवा कागद, नवे रंग आणायची. ते तूर्त राहू द्या. चित्रकारांसाठीचे हे व्यावसायिक प्रशिक्षणाचे कार्यक्रम बहुतेक दोन-तीन महिन्यांचे, शनिवार-रविवारचे असतात, आणि तिथे कुणी चित्र काढायला शिकवत नाही. किंमत कशी लावायची, करार कसा वाचायचा, अनुदानाचा अर्ज कसा भरायचा, प्रदर्शनासाठी कामं निवडणारा क्युरेटर स्टुडिओत आला तर काय दाखवायचं, हे शिकवतात. या प्रत्येकासाठी तुमच्याच कामाची माहिती लागते. ती हाताशी नसली की शिकवणारा सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी सांगतो आणि आपण ते वहीत उतरवून घरी येतो. मी पहिल्या खेपेला अशीच रिकाम्या हाताने गेले होते. दुसऱ्या खेपेला सहा आठवडे आधीपासून तयारी केली, आणि त्या वर्गातून खरोखर काही घेऊन आले.

सगळ्यात आधी नोंदवही करा. बाकी काहीच जमलं नाही तरी चालेल, पण ही हवीच. एक रविवार मोकळा ठेवा आणि कपाटावरचं, पलंगाखालचं, पोटमाळ्यावरचं, मामाच्या घरी ठेवलेलं सगळं काम बाहेर काढा. मोजपट्टी घेऊन प्रत्येक कामाचं माप घ्या, आधी उंची मग रुंदी, इंचांत आणि सेंटिमीटरमध्येही. शीर्षक, माध्यम, वर्ष, आत्ता कुठे आहे, कुणाला कितीला दिलं, हे सगळं लिहा. प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक मागच्या बाजूला लिहा: कॅनव्हास असेल तर लाकडी पट्टीवर, कागद असेल तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब कागदाच्या पुढच्या बाजूला उमटतो.

मी लाकूडठसे छापते, म्हणजे लाकूड कोरून त्याचे कागदावर छाप घेते, त्यामुळे माझ्या वहीत एक रकाना जास्त आहे. छापाच्या खाली डावीकडे 3/10 असं लिहिलेलं असतं ना, त्यातला 10 हा आकडा म्हणजे घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो. दहाच छाप निघतील, अकरावा नाही. त्यांतला कुठला कुणाकडे गेला हे लिहून ठेवलं नसेल तर तोच आकडा दोनदा जाऊ शकतो. हे मला कळलं ते नुकसान झाल्यावर. एका गॅलरीत तीन छाप ठेवले होते, पावती न घेता. गॅलरीने जागा बदलली आणि मग सांगितलं की आमच्याकडे दोनच आले होते. माझ्याकडे दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. तेव्हापासून काम दाराबाहेर जाताना दोन प्रतींत चलान, आणि घेणाऱ्याची सही.

नोंद करताना कामाची तब्येतही बघून घ्या. मुंबईचा पावसाळा कागदाला सोसत नाही. जून ते सप्टेंबर गुंडाळी करून ठेवलेल्या कागदावर तपकिरी ठिपके दिसले तर ते काम वेगळं काढा, नाहीतर बुरशी शेजारच्या कामांवर पसरते. कागद आडवे ठेवा, मध्ये आम्लरहित कागद घाला, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कॅनव्हास जमिनीवर टेकवू नका, खाली दोन लाकडी पट्ट्या घाला, आणि बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

मग फोटो. चांगला फोन पुरतो, प्रकाश मात्र सांभाळायला हवा. ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ किंवा ढगाळ सकाळी गच्चीवर काम उभं करा. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर धरा आणि जवळ जाऊ नका; दोन पावलं मागे सरकून थोडा झूम केला की कडा वाकड्या येत नाहीत. काच असेल तर काढा. एक फोटो पूर्ण कामाचा, एक जवळून पोताचा, एक भिंतीवर लावलेला. फाइलच्या नावात नोंदवहीचा क्रमांक असू द्या. ‘फायनल नवीन 2’ नावाची फाइल अर्जाच्या शेवटच्या रात्री सापडत नाही.

आता स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दल आपणच लिहायचं ते छोटं टिपण. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी शाळेतून आलेली किती तरी गुणी मुलं इथेच खचताना पाहिली आहेत. आपण इंग्रजीत लिहायला बसतो, दुसऱ्या कुणाच्या कॅटलॉगमधले शब्द गोळा करतो, आणि स्मृती, अवकाश, ओळख अशा भारी शब्दांचं एक पान तयार होतं. ते कुणाच्याही चित्राला चिकटवता येईल. माझंही तसंच होतं. मग एकदा स्वयंपाकघरात मावशीने विचारलं, ‘हे तू सारखं काय कोरत असतेस गं?’ मी म्हटलं, ‘आपल्या गिरगावच्या चाळीचा जिना पाडला ना, त्याचा कठडा. पन्नास-साठ वर्षं हात घासून जिथे लाकूड गुळगुळीत झालं होतं, तेवढाच भाग मी छापते.’ ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, ‘वळणावर, डाव्या हाताला.’ ते वाक्य मी तसंच्या तसं वहीत उतरवलं. माझं स्टेटमेंट आजही तिथूनच सुरू होतं. म्हणून सांगते, आधी मराठीत बोला, चित्रकार नसलेल्या माणसाशी बोला, फोनवर रेकॉर्ड करा. त्यातली दीडशे शब्दांची गोष्ट निवडा. इंग्रजी नंतर करता येतं, त्यासाठी मदतही मिळते. काय सांगायचं आहे ते मात्र दुसरं कुणी शोधून देत नाही.

प्रभाकर बरवे यांच्या वह्या 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मांडल्या होत्या. विणकर सेवा केंद्रातली नोकरी सांभाळलेला हा चित्रकार स्वतःशी मराठीतून किती शांतपणे विचार करत होता, ते त्यांत दिसत होतं. अशी एखादी वही तुमच्याकडे असेल तर तीही पिशवीत टाका.

पैशांचा हिशेब वर्गात जाण्याआधी एकदा कोरड्या डोळ्यांनी मांडा. माझं उदाहरण देते. फ्रेमसकट 12,000 रुपयांना एक छाप गेला. गॅलरीचे 40 टक्के म्हणजे 4,800 वजा. उरले 7,200. काचेची फ्रेम 3,400, कागद-शाई-लाकडाचा वाटा 900, प्रेसच्या भाड्याचा 700, टेम्पो 600. हातात आले 1,600, आणि स्टुडिओचं भाडं अजून धरलेलंच नाही. हा तक्ता घेऊन गेले तेव्हा किमतीबद्दलचं माझं बोलणं पहिल्यांदा नेमकं झालं. तुमच्या शेवटच्या तीन विक्रींचा असा तक्ता करा. काहीच विकलं गेलं नसेल तर तीन कामांचा नुसता खर्च मांडा. जुनं कोटेशन वापरत असाल तर कराचा आकडा तपासा, चित्रांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. नोंदणी लागते की नाही ते आपल्या सीएला विचारा, मित्राला नको.

करारांच्या सत्राला जाताना आतापर्यंत सह्या केलेले सगळे कागद न्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेलं असेल तर त्याचे स्क्रीनशॉटसुद्धा. दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. पण कुणी पैसे देऊन तुमच्याकडून चित्र किंवा पोर्ट्रेट करून घेतलं, तर वेगळं ठरलेलं नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक तो माणूस असतो. गणपतीच्या दिवसांत ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. भिंतीवरची कामं करणाऱ्यांनी शिल्पकार अमरनाथ सहगल यांचा खटला बघून ठेवावा. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं होतं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली कलाकाराच्या बाजूने निकाल दिला.

अर्जांसाठी एक फाइल वेगळी करा: आधार, पॅन, रद्द केलेला चेक, पदविकेचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा. वयाची अट जवळजवळ सगळीकडे असते. संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी आहे, महिना 10,000 रुपये, दोन वर्षं. चाळिशीनंतर सीनियर, महिना 20,000. तुमची किती वर्षं उरली आहेत ते मोजा आणि त्याप्रमाणे अर्जांचा क्रम लावा. बॉम्बे आर्ट सोसायटी आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया यांच्या वार्षिक प्रदर्शनांच्या तारखाही याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.

काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षं लागतात, म्हणून तिथला अर्ज कार्यक्रम संपेपर्यंत थांबवू नका. त्या निमित्ताने एक दुपार तिथे काढा. चित्रं बघाच, पण या वेळी चित्राशेजारची पट्टी वाचा, चित्राचा मध्य जमिनीपासून किती उंचावर आहे ते बघा, दोन चित्रांमध्ये किती जागा सोडली आहे ते वितीने मोजा. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयातही तेच करा.

घरच्यांशी बोलणं राहू नये. दहा-बारा शनिवार-रविवार जाणार आहेत. कोण काय सांभाळेल ते आधी ठरलेलं बरं.

आदल्या रात्री पिशवी भरा. पाचच कामं घ्या, वीस नकोत. पृष्ठभागाला आधी ग्लासिन, म्हणजे गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला, नाहीतर रंगावर गोल ठसे उठतात. दोन्हीकडून जाड पुठ्ठा. नोंदवही, मोजपट्टी, मऊ पेन्सिल, फोटोंचा पेन ड्राइव्ह, हिशेबाचा तक्ता, डबा. डोंबिवली-ठाण्याकडून येणार असाल तर गर्दीची गाडी टाळा आणि पोर्टफोलिओ उभा धरून मालडब्यात चढा. बाजूच्या कोळणीला जरा सरकायला सांगितलं तर ती सरकते, आणि आत काय आहे तेही विचारते. तिला सांगा.