बदललेल्या फोनवर ॲप 'सुसंगत नाही' असे दिसते तेव्हा

कस्टम रॉम (कंपनीच्या प्रणालीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइड प्रणाली) टाकलेला किंवा रूट केलेला, म्हणजे प्रणालीवर पूर्ण अधिकार मिळवलेला अँड्रॉइड फोन एरवी उत्तम चालत असतो, आणि तरीही एखादे साधे ॲप प्ले स्टोअरमध्ये शोधले तर ते यादीत येतच नाही, किंवा आले तर 'हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' अशी ओळ त्याखाली दिसते. अशा वेळी बहुतेक जण मिळेल तेथून एपीके, म्हणजे ॲप बसवण्याची फाइल उतरवून घेतात. ती कधी चालते, कधी उघडताक्षणी बंद पडते, आणि कधी तिच्यासोबत नको ते फोनमध्ये शिरते. ही ओळ एकच असली तरी तिच्यामागची कारणे बरीच आणि परस्परांशी संबंध नसलेली असतात. त्यामुळे कारण न शोधता केलेला उपाय लागू पडला, तर तो निव्वळ योगायोग समजावा.

स्टोअर ॲप स्वतः चालवून पाहत नाही. ते केवळ दोन नोंदींची तुलना करते. एक नोंद विकसकाने ॲपमध्ये लिहिलेली असते: किमान अँड्रॉइड आवृत्ती कोणती, प्रोसेसर कोणत्या प्रकारचा, कॅमेरा, एनएफसी किंवा जायरोस्कोप यांपैकी काय अनिवार्य, पडद्याचा आकार आणि ओपनजीएल ईएस या ग्राफिक्स-मानकाची आवृत्ती कोणती. दुसरी नोंद फोनची असते, आणि ती फोनमधील प्रणाली स्वतःबद्दल जे सांगते त्यावरून बनते. कस्टम रॉममध्ये बिघडते ती बहुधा ही दुसरी नोंद. म्हणजे फोनमध्ये हार्डवेअर असते, पण रॉम ते सांगायचे विसरते. याशिवाय विकसक काही मॉडेल नावानिशी वगळू शकतो, ठरावीक देशांपुरतेच ॲप ठेवू शकतो, किंवा सुरक्षा-तपासणीत नापास झालेल्या सर्व उपकरणांपासून ते लपवू शकतो. यांतल्या शेवटच्या प्रकाराबद्दल पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे, कारण तेथे अडचण चुकून आलेली नसते. ती हेतुपूर्वक घातलेली असते.

निदानाची सुरुवात संगणकाच्या ब्राउझरमधून करणे सोपे पडते. त्याच गूगल खात्याने प्ले स्टोअरचे संकेतस्थळ उघडून ॲपच्या पानावर गेल्यास खात्याशी जोडलेल्या कोणत्या उपकरणावर ते चालेल, हे दिसते. त्याच खात्यावरील दुसऱ्या, न बदललेल्या फोनवर ॲप चालणार असेल, तर देश किंवा खाते हे कारण बाद होते. त्यानंतर फोनवरील प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'परिचय' विभागात प्ले प्रोटेक्ट प्रमाणनाची, म्हणजे गूगल फोनला मान्यताप्राप्त समजते की नाही याची स्थिती पाहावी. उरलेली माहिती एडीबीने, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या गूगलच्या साधनाने मिळते. सेटिंग्जमधील बिल्ड क्रमांकावर सात वेळा टॅप करून विकसक पर्याय उघडावेत, यूएसबी डीबगिंग सुरू करावे आणि संगणकाच्या टर्मिनलमधून फोनच्या शेलमध्ये शिरावे. तेथे 'गेटप्रॉप' ही आज्ञा अँड्रॉइडची एपीआय पातळी, प्रोसेसरचे प्रकार आणि बिल्ड फिंगरप्रिंट (फोन आणि त्यावरील प्रणालीची ओळख सांगणारी ओळ) दाखवते, 'पीएम लिस्ट फीचर्स' फोनने जाहीर केलेल्या हार्डवेअरची यादी देते आणि 'डब्ल्यूएम डेन्सिटी' पडद्याची घनता (दर इंचातील ठिपके) सांगते. या तिन्हींची उत्तरे एका मजकूर-फाइलमध्ये जपून ठेवावीत. काही बदलण्यापूर्वीची स्थिती नोंदलेली असेल, तर नंतर पूर्ववत करणे सोपे जाते.

प्रमाणन नाही असे दिसले, तर आधी तेच मार्गी लावावे. मार्च २०१८पासून गूगलने अप्रमाणित उपकरणांवर आपली ॲपे आणि खात्याचा प्रवेश अडवायला सुरुवात केली आणि त्याच वेळी कस्टम रॉम वापरणाऱ्यांसाठी एक नोंदणी-पान उपलब्ध करून दिले. त्या पानावर गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क या फोनमधील गूगलच्या घटकाचा अँड्रॉइड आयडी द्यावा लागतो. येथे अनेकांची गल्लत होते, कारण अँड्रॉइड ८पासून प्रत्येक ॲपला त्याचा स्वतःचा वेगळा अँड्रॉइड आयडी मिळतो आणि तो येथे उपयोगाचा नसतो. हवा असलेला आयडी सर्व्हिसेस फ्रेमवर्कच्या डेटाबेसमध्ये असतो. फोन रूट असेल तर तो तेथून वाचता येतो, एरवी तो दाखवणारी छोटी ॲपे मिळतात. नोंदणीनंतर काही वेळ थांबावे, प्ले स्टोअरचा डेटा पुसावा आणि फोन पुन्हा सुरू करावा. या नोंदणीने खात्यात प्रवेश मिळतो, पण सुरक्षा-तपासणीत फोन त्यामुळे पास होत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. फॅक्टरी रीसेट केल्यास आयडी बदलतो आणि नोंदणी पुन्हा करावी लागते.

डेटा पुसण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'प्ले स्टोअर, प्ले सर्व्हिसेस आणि सर्व्हिसेस फ्रेमवर्क या तिघांचाही डेटा पुसा' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अविचारी वाटतो. फ्रेमवर्कचा डेटा पुसला की आयडी बदलतो, नोंदणी निरर्थक ठरते आणि इतर ॲपांच्या सूचना येणेही काही काळ अडखळते. जवळजवळ नेहमी केवळ प्ले स्टोअर सक्तीने थांबवून त्याचा डेटा पुसणे पुरते, कारण स्टोअर फोनविषयीची जुनी माहिती धरून ठेवते आणि आपण दुरुस्ती केली तरी ती त्याच्या लक्षात येत नाही.

पडद्याच्या घनतेचे कारण आता दुर्मीळ झाले आहे, पण ते तपासायला क्षणभर पुरते. 'डब्ल्यूएम डेन्सिटी'च्या उत्तरात मूळ घनतेखाली बदललेली घनताही दिसत असेल, तर 'रीसेट' जोडून ती पूर्ववत करावी, ॲप बसवून पाहावे आणि हवी तर नंतर पुन्हा बदलावी.

सर्वांत फलदायी तपास मात्र फीचर्सच्या यादीचा ठरतो. एक उदाहरण पाहू. फोनमध्ये एनएफसी आहे, सेटिंग्जमधून ते चालू होते, आणि तरीही एनएफसी लागणारी सर्व ॲपे स्टोअरमधून गायब आहेत. 'पीएम लिस्ट फीचर्स'च्या यादीत एनएफसीचा उल्लेख नसेल, तर रॉम बनवणाऱ्याकडून एक लहानशी एक्सएमएल फाइल राहून गेली आहे, असे बहुधा निघते. या फाइली सिस्टिम किंवा व्हेंडर विभागातील ईटीसी फोल्डरमध्ये, पर्मिशन्स नावाच्या उपफोल्डरमध्ये असतात, आणि प्रत्येकीत मुख्य ओळ एकच असते: अमुक फीचर उपलब्ध आहे. अँड्रॉइडच्या मुक्त स्रोतभांडारात फ्रेमवर्क्स, नेटिव्ह, डेटा, ईटीसी या क्रमाने खाली उतरत गेल्यास या सर्व फाइली तयार मिळतात. त्या स्वतः लिहिण्याची गरज नाही.

ती फाइल थेट सिस्टिम विभागात टाकण्याचा प्रयत्न करू नये. नव्या फोनांत हा विभाग केवळ वाचनासाठी असतो आणि त्याला धक्का लागल्यास फोन सुरूच न होण्याची शक्यता असते. मॅजिस्क या रूट करण्याच्या साधनाचे एक साधे मॉड्यूल (मूळ फाइलींना हात न लावता बदल करणारी जोडणी) करून त्यात त्याच मार्गावर ती फाइल ठेवावी, परवानगी ०६४४ (मालकाला लिहिण्याची, इतरांना केवळ वाचण्याची) द्यावी आणि फोन पुन्हा सुरू करावा. मॉड्यूल काढले की सर्व पूर्ववत होते. त्यानंतर यादीत फीचर दिसते का ते पाहावे आणि मगच प्ले स्टोअरचा डेटा पुसावा. जे हार्डवेअर फोनमध्ये नाही ते आहे असे जाहीर करण्याचा मोह मात्र टाळावा. ॲप बसेल, पण ते हार्डवेअर मागितल्यावर कोसळेल. शिवाय जी ॲपे त्या हार्डवेअरशिवाय आतापर्यंत नीट चालत होती, तीही यादीवर विश्वासून त्याचा शोध घेऊ लागतील.

प्रोसेसरच्या प्रकाराची अडचण निराळी आहे. प्रोसेसर ६४ बिटचा असूनही काही रॉम ३२ बिटची असतात, आणि अशा वेळी 'गेटप्रॉप'च्या उत्तरात आर्म ६४चा उल्लेखच नसतो. यावर ६४ बिटची रॉम टाकण्यावाचून मार्ग नाही. गूगल ॲपांचे पॅकेजही त्याच प्रकारचे आणि त्याच अँड्रॉइड आवृत्तीचे असावे लागते, आणि लिनिएजओएससारख्या रॉममध्ये ते पहिल्यांदा फोन सुरू करण्यापूर्वीच फ्लॅश करावे, म्हणजे फोनमध्ये टाकावे लागते. नंतर टाकलेल्या पॅकेजमुळे प्ले सर्व्हिसेस वारंवार बंद पडतात. उलट बाजूने, ऑगस्ट २०२१पासून प्ले स्टोअर ६४ बिटच्या उपकरणांना ज्यांची केवळ ३२ बिटची आवृत्ती आहे अशी ॲपे देत नाही. २०२२चा पिक्सेल ७ तर ३२ बिटची ॲपे चालवतच नाही. तेव्हा वर्षानुवर्षे अद्ययावत न झालेले एखादे जुने ॲप दिसत नसेल, तर दोष रॉमचा नसण्याचीच शक्यता अधिक.

हे सर्व नीट असूनही ॲप मिळत नसेल, तर विकसकाने ते मॉडेल वगळलेले असू शकते, किंवा रॉमने मॉडेलचे नाव आणि फिंगरप्रिंट वेगळेच लिहिलेले असू शकतात. त्याच फोनच्या मूळ, कंपनीच्या रॉमचे फिंगरप्रिंट परत लिहिणे तुलनेने निर्धोक आहे. पूर्णपणे दुसऱ्याच फोनचे सोंग घेणे मात्र मी सुचवणार नाही, कारण खेळ आणि कॅमेऱ्याची ॲपे मॉडेल पाहून आपली मांडणी ठरवतात. सोंग घ्यायचेच असेल, तर ते एका ॲपपुरते ठेवावे. एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपांच्या भांडारावर मिळणारे ऑरोरा स्टोअर हे मुक्त स्रोत ॲप प्ले स्टोअरमधूनच फाइली आणते, पण स्टोअरला सांगायची फोनची ओळख त्याच्या सेटिंग्जमधून निवडता येते. फोनच्या प्रणालीत काहीही बदलत नाही. त्यात अनामिक प्रवेशाचीही सोय आहे. हा वापर गूगलच्या अटींत बसत नाही, म्हणून ज्या खात्यावर ईमेल, छायाचित्रे आणि खरेदी केलेली ॲपे आहेत, ते खाते त्यात घालू नये.

फाइल हाताने बसवायची असेल, तर आधी तिचे स्वरूप समजून घ्यावे लागते. ऑगस्ट २०२१पासून प्ले स्टोअरवरील नव्या ॲपांना ॲप बंडल हे स्वरूप अनिवार्य आहे, आणि त्यामुळे फोनवर एक एपीके न येता तुकडे येतात: एक मूळ तुकडा, एक प्रोसेसरचा, एक पडद्याच्या घनतेचा, एक भाषेचा. कोणी त्यांतला मूळ तुकडाच पाठवला, तर ॲप बसत नाही किंवा उघडताच बंद पडते. स्वतःच्या दुसऱ्या फोनवर ते ॲप व्यवस्थित चालत असेल, तर सर्वांत विश्वासार्ह स्रोत तोच होय. त्या फोनच्या शेलमध्ये 'पीएम पाथ' आणि पॅकेजचे नाव दिले की सर्व तुकड्यांचे मार्ग दिसतात; 'एडीबी पुल'ने ते संगणकावर घ्यावेत आणि 'एडीबी इन्स्टॉल-मल्टिपल'ने एकाच आज्ञेत बदललेल्या फोनवर बसवावेत. दोन्ही फोनांचा प्रोसेसर एकाच प्रकारचा असणे मात्र आवश्यक आहे. घनतेतील फरक सहसा चालून जातो. चित्रे थोडी धूसर दिसतील इतकेच.

बसवताना येणारा नकार वाचण्याची सवय लावावी. 'नो मॅचिंग एबीआयज' म्हणजे प्रोसेसरचा तुकडा चुकीचा आहे, 'मिसिंग स्प्लिट' म्हणजे एखादा तुकडा राहिला आहे, 'ओल्डर एसडीके' म्हणजे फोनची अँड्रॉइड आवृत्ती जुनी आहे आणि ॲपची आधीची आवृत्ती शोधावी लागेल. 'अपडेट इन्कम्पॅटिबल' असे आले, तर थांबावे: फोनवरील ॲप आणि नवी फाइल यांच्या स्वाक्षऱ्या जुळत नाहीत, म्हणजे त्यांपैकी एक मूळ विकसकाची नाही किंवा वेगळ्या भांडारातून आलेली आहे. अनोळखी ठिकाणाहून घेतलेली प्रत्येक फाइल 'एपीके साइनर' या साधनाने तपासून तिचे प्रमाणपत्र खात्रीच्या प्रतीशी ताडून पाहावे. अँड्रॉइड १४ फार जुनी ॲपे, म्हणजे अँड्रॉइड ६च्याही आधीच्या आवृत्तीसाठी बेतलेली, मुळातच नाकारते. एडीबीमध्ये ही अट ओलांडण्याचा पर्याय आहे, पण ही अट दुष्ट ॲपांना रोखण्यासाठी घातलेली आहे हे विसरू नये.

आता सुरक्षा-तपासणीविषयी. प्ले इंटेग्रिटी ही व्यवस्था ॲपला फोनबद्दल तीन पातळ्यांचा निर्वाळा देते: मूलभूत, उपकरण आणि सशक्त. सशक्त पातळीसाठी फोनच्या सुरक्षित चिपमधील किल्ल्यांनी सही केलेला पुरावा लागतो, आणि बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम, जो कस्टम रॉमसाठी उघडावा लागतो) उघडा आहे की बंद हे त्या पुराव्यात लिहिलेले असते; म्हणून प्रणालीतील फाइली बदलून तो बदलता येत नाही. यावर मात करणारी मॉड्यूले फिरत असतात, ती काही काळ चालतात, त्यांनी वापरलेल्या किल्ल्या रद्द होतात आणि पुन्हा नवी शोधाशोध सुरू होते. बँकेच्या किंवा पैशांच्या व्यवहाराचे ॲप अशा आधारावर ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या सेवेचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये वापरावे किंवा त्या कामासाठी न बदललेला फोन बाळगावा. मूळ रॉमवर परत जाऊन बूटलोडर बंद करणे हाही मार्ग आहे, पण तो कंपनीची संपूर्ण मूळ रॉम टाकल्यानंतरच बंद करावा. कस्टम रॉम तशीच ठेवून तो बंद केल्यास अनेक फोन कायमचे अडकतात, आणि बंद करताना फोनमधील सर्व माहिती पुसली जाते ती वेगळीच.

हाताने बसवलेली ॲपे आपोआप अद्ययावत होतीलच असे नाही. मुक्त स्रोत ॲपांसाठी ऑब्टेनियम हे ॲप विकसकाच्या प्रकाशन-पानावर लक्ष ठेवते; ऑरोरामधून घेतलेल्यांची तपासणी ऑरोरातच करावी. रॉमची नवी आवृत्ती टाकल्यावर सिस्टिम विभाग नव्याने लिहिला जातो, मॅजिस्क पुन्हा बसवावे लागू शकते, आणि ते बसेपर्यंत आपले मॉड्यूल निष्क्रिय असते. म्हणून अपडेटनंतर स्टोअर उघडण्यापूर्वी 'पीएम लिस्ट फीचर्स' पुन्हा चालवून यादी जपून ठेवलेल्या फाइलशी पडताळून पाहावी.