जुन्या बागेच्या ट्रॅक्टरची बॅटरी, वायरिंग आणि अनोळखी पार्ट: या चुका टाळा

पंढरपूर, सांगोला, मोहोळ पट्ट्यात द्राक्ष-डाळिंबाच्या ओळींतून ब्लोअर (फवारणीचं यंत्र) ओढणारे छोटे ट्रॅक्टर वीस-पंचवीस वर्षं सहज चालतात. इंजिन ठणठणीत असतं, रडवते ती वायरिंग. तीन-चार हातांतून आलेल्या ट्रॅक्टरवर प्रत्येकाने एखादी वायर वाढवलेली असते, एखादी तोडून टेप गुंडाळलेली असते. बोनेटखाली असेही दोन-तीन पार्ट निघतात, जे कशाचे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मायनस बॉडीलाच असणार, असं धरून चालणं

बहुतेक ट्रॅक्टरांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. पण डायनामो (बॅटरी चार्ज करणारं जुनं जनित्र) असलेल्या काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला दिलेला असतो. केबलच्या रंगावर जाऊ नका, कारण काळी केबल संपली की गॅरेजवाला लाल लावतो. जाड केबलचा माग काढा. जी थेट चेसिस किंवा गिअरबॉक्सच्या बोल्टवर जाते ती अर्थ. ती बॅटरीच्या कुठल्या टोकावर आहे ते पाहा. टोकं ओळखायला खूण पुसली असेल तर जाडी पाहा: नेहमीच्या गोल टर्मिनलांत प्लसचं टोक मायनसपेक्षा जाड असतं. शंका राहिली तर मल्टिमीटर लावून खात्री करा.

प्लस-अर्थच्या ट्रॅक्टरला आजचा एलईडी दिवा किंवा गाण्यांचा टेप बॉडीला अर्थ देऊन बसवला तर तो जळू शकतो. उलट, अल्टरनेटर (डायनामोच्या जागी आलेलं नवं जनित्र) असलेल्या ट्रॅक्टरला बॅटरी उलटी जोडली की आतले डायोड गेलेच समजा. काढताना अर्थची केबल आधी, जोडताना ती शेवटी. हे उलटं केलं आणि प्लसचा नट सोडताना पाना बॉडीला टेकला तर जाळ निघतो, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असेल तर बॅटरी फुटते.

सेल्फ फिरत नाही म्हणून नवी बॅटरी आणणं

सगळ्यात महाग चूक हीच. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) कट-कट करून थांबला की दोष बॅटरीच्या माथी जातो आणि दहा दिवसांनी नवी बॅटरीही तेच करते.

आधी रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा व्होल्टेज घ्या. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, ११.९ च्या खाली म्हणजे उतरलेली. निम्म्या बॅटरीवर पुढची कुठलीही तपासणी करू नका, आधी चार्जिंगला लावा. मग गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करायची स्टॉपची दांडी ओढून धरलेली, आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे, नाहीतर सेल्फ जास्त करंट ओढतोय. १०.५-११ वर टिकत असूनही सेल्फ रेंगाळत असेल तर बॅटरीला हात लावू नका.

आता मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनस टोकावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या टोकावर) आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारा. ०.२ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थ खराब. तसंच प्लस टोक ते सेल्फचं मोठं टर्मिनल मोजा, तिथेही अर्ध्याच्या वर नको. प्लस-अर्थच्या गाडीत हेच उलटं.

बागेच्या ट्रॅक्टरात अर्थच जास्त जातो, आणि त्याला कारण आहे. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारताना ब्लोअरचा फवारा चेसिसवर बसतो. त्यातलं मोरचूद लोखंडाला खातं, आणि अर्थचा बोल्ट वरून घट्ट दिसला तरी खाली गंजाचा थर असतो. बोल्ट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा आणि वर व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावून मग बोल्ट आवळू नका. थिंबलजवळ (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ) केबल हिरवी, कडक झाली असेल तर नवीच टाका. छोट्या ट्रॅक्टरला ३५ चौ.मिमी. तांब्याची केबल पुरते.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आला असेल तर झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी ओता. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं ॲसिड मरतं. आणि बॅटरीत बोअरचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी भरू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की पाणी झपाट्याने आटतं, तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाहा. डिस्टिल्ड वॉटर प्लेटांच्या वर १०-१२ मिमी पुरे.

फ्यूज उडतो म्हणून जाड तार बांधणं

दोन ५५ वॅटच्या हेडलाइटना मिळून नऊ-सव्वानऊ अँपिअर लागतात, १५ चा फ्यूज पुरतो. तो उडतोय म्हणजे कुठेतरी वायर घासली आहे, किंवा उंदरांनी कुरतडली आहे. फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून लावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल आणि वायरिंग जळणार नाही. मग एकेक वायर हलवत, सोडत जा. बल्ब मंद झाला किंवा विझला की जागा सापडली.

रात्रीत बॅटरी उतरते का, तेही याच बल्बने कळतं. चावी बंद, अर्थची केबल सोडून टोक आणि केबल यांच्यामध्ये बल्ब लावा. मंद पेटला तरी गळती आहे. न पेटल्यास मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावा. इलेक्ट्रॉनिक काही नसलेल्या ट्रॅक्टरात आकडा जवळजवळ शून्य हवा. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका.

अनोळखी पार्ट काढून फेकणं

ओळख पटेपर्यंत काहीही सोडू नका. आधी मोबाईलवर फोटो, मग प्रत्येक वायरीला कागदी टेपवर नंबर.

आडव्या लांबट नळकांड्याला एक मोठं आणि एक छोटं टर्मिनल असेल तर तो डायनामो. जवळची डी, एफ, ए, ई अशी अक्षरं असलेली डबी त्याचा कटआऊट-रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंग आवरणारा पार्ट. डायनामो आयडलवर फारसा चार्ज करत नाही, ते बिघाड नव्हे. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला की ही डबी मध्ये ठेवायची नाही. लोक ठेवतात, मग चार्जिंग का होत नाही म्हणून फिरतात.

इनटेक मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर) एक वायर आणि एक बारीक डिझेलची नळी येणारा पितळी तुकडा म्हणजे थंडीत स्टार्टिंगला मदत करणारा थर्मोस्टार्ट. सोलापूरच्या हिवाळ्यात त्याच्यावाचून अडत नाही. पण नळी बंद करून वायर चालू ठेवली तर डिझेलशिवाय तो जळतो. बंद करायचा तर दोन्ही बंद करा, आणि मॅनिफोल्डचं भोक नीट बुजवा.

डॅशबोर्डवर जाळीमागे लाल होणारी स्प्रिंग दिसली तर ती हिटर प्लगांच्या (थंड इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगांच्या) सिरीजमध्ये असते. ती जळाली म्हणून वायर डायरेक्ट केली की प्लगांना पूर्ण व्होल्टेज बसतो आणि एकेक करून जातात.

गिअर किंवा क्लचजवळचा छोटा स्विच, ज्याच्या दोन वायरी बहुतेक वेळा एकमेकींना पिळलेल्या सापडतात, तो सेफ्टी स्विच. गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू नये म्हणून असतो. तो जोडूनच घ्या. आणि खाली उभं राहून सोलेनॉइडवर (सेल्फला करंट देणाऱ्या स्विचवर) पाना टेकवून गाडी चालू करणं, कितीही सवयीचं असलं तरी, बंद करा: गिअर पडलेला असेल तर मागचं चाक थेट माणसावर येतं.