इलेक्ट्रिकलच्या एम.टेक.साठी कॉलेज निवडताय? या चुका टाळा

बी.ई.चा शेवटचा पेपर झाला की गावात पारावर, बसस्टँडवर एकच विचारणा सुरू होते, "पुढं काय करून राह्यला रे?" यावर 'एम.टेक. करतो' हे उत्तर सोपं जातं. बऱ्याच जणांचं एम.टेक. याच उत्तरापासून सुरू होतं, आणि कॉलेजची निवडही मग तशीच होते.

नोकरी कोणती, हे न ठरवताच अर्ज भरणं

मौदा, कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीजकेंद्रात लागायचंय म्हणून एम.टेक. करणारी पोरं भेटतात. एनटीपीसी आणि पॉवरग्रिड या केंद्राच्या वीज कंपन्या बी.ई. आणि गेट या एम.टेक.च्याच प्रवेश परीक्षेच्या गुणांवर इंजिनिअर घेतात. महावितरण, महापारेषणच्या सहायक अभियंत्यालाही पदवी पुरते. पॉलिटेक्निकात शिकवायला प्रथम श्रेणीची बी.ई. चालते. तेव्हा यातलं काही हवं असेल तर गेटचा किंवा भरतीचा अभ्यास करा, दोन वर्षं वाचतील. इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल, किंवा कन्व्हर्टर, ड्राइव्ह, रिले, ग्रिडचा अभ्यास अशा डिझाइनच्या कामात शिरायचं असेल, तर मात्र एम.टेक.ला अर्थ आहे.

कॉलेजचं नाव पाहणं, स्पेशलायझेशन न पाहणं

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. नागपूरच्या व्हीएनआयटीचंच घ्या. तिथल्या इलेक्ट्रिकल विभागात इंटिग्रेटेड पॉवर सिस्टिम आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अँड ड्राइव्हज असे दोन वेगळे एम.टेक. आहेत. पहिल्यात लोड फ्लो, स्टॅबिलिटी, प्रोटेक्शन; दुसऱ्यात इन्व्हर्टर, मोटरचं कंट्रोल. पहिल्याचा माणूस ग्रिडकडे आणि कन्सल्टन्सीकडे जातो, दुसऱ्याचा इलेक्ट्रिक गाड्या, सोलर आणि ड्राइव्हच्या कंपन्यांकडे. कटऑफ कुठं बसतो एवढंच पाहून यातलं एक उचललं, की तिसऱ्या सेमिस्टरला प्रबंधाचा विषय गळ्यात पडतो.

आपला कल कुठं आहे ते ओळखायला आपल्या विदर्भातच पुरेसं सामान आहे. भद्रावतीला पॉवरग्रिडचं १००० मेगावॉटचं एचव्हीडीसी बॅक-टू-बॅक स्टेशन (एसीचं डीसी करून तिथंच पुन्हा एसी करणारं) आहे, पश्चिम आणि दक्षिण विभागाचे ग्रिड जोडणारं. चंद्रपूरहून मुंबईकडच्या पडघ्याला ±५०० केव्हीची, १५०० मेगावॉटची डीसी लाइन जाते. आणि वावरातल्या सौरपंपाचा कंट्रोलर पॅनलच्या डीसीवरून मोटरला बदलत्या फ्रिक्वेन्सीचा एसी देतो. यातलं नेमकं काय उघडून पाहावंसं वाटतं, ते स्वतःला विचारा.

मग लॅब पाहा. शक्य असेल तर जाऊनच पाहा, नागपूर काही लांब नाही. तिथल्या सिनियरला विचारा: मागच्या दोन बॅचचे प्रबंध कशावर होते? हार्डवेअर उभं राहिलं, की सगळं मॅटलॅबच्या सिम्युलेशनवरच निभावलं? हव्या त्या विषयाचे गाइड अजून तिथंच आहेत, की निवृत्त झाले? एनआयआरएफ या सरकारी रँकिंगचा क्रमांक सगळ्या इंजिनिअरिंगचा मिळून असतो, एकट्या इलेक्ट्रिकल विभागाचा नाही. प्लेसमेंटच्या आकड्यातही बहुधा बी.टेक. मिसळलेलं असतं. म्हणून एम.टेक. इलेक्ट्रिकलचे किती बसले, किती कोअरमध्ये, म्हणजे इलेक्ट्रिकलच्याच कामात गेले, एवढंच विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

पैशाचा हिशेब उशिरा करणं

वैध गेट स्कोअरवर पूर्णवेळ प्रवेश घेतला तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात, २४ महिने. खासगी कॉलेज असेल तर ते एआयसीटीईची मान्यता असलेलं हवं. गेट नसताना घेतलेल्या सीटला ही रक्कम नाही, फी मात्र पूर्ण. पहिले काही महिने मेसचे पैसे हाताशी ठेवा, स्टायपेंड लगेच सुरू होईल असं धरू नका.

सीओएपीला अर्ज समजणं

आयआयटीचा अर्ज प्रत्येक संस्थेकडे वेगळा करावा लागतो. सीओएपी या सामायिक पोर्टलवर फक्त आलेल्या ऑफरवर निर्णय नोंदवायचा. एनआयटीसाठी सीसीएमटी ही केंद्रीय प्रवेशप्रक्रिया, राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप. सीसीएमटीत फ्रीझ (मिळालेली सीट पक्की), फ्लोट (वरची कुठलीही चॉइस चालेल), स्लाइड (त्याच संस्थेतली वरची चॉइस चालेल) याचा अर्थ समजल्याशिवाय बटण दाबू नका. फ्रीझ केलं की वरची चॉइस गेली.

राज्याच्या दाखल्यावर केंद्राचा प्रवेश

ओबीसीतली हुशार पोरं इथं आपटतात. आयआयटी-एनआयटीला केंद्राच्या नमुन्यातलं, चालू वर्षाच्या १ एप्रिलनंतरचं नॉन-क्रिमिलेअर लागतं. राज्यातले व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात वेगळे नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते आधी पाहा. राज्याचं एसईबीसी (मराठा) आरक्षण केंद्रात चालत नाही. जूनमध्ये सेतू केंद्रावर दहावी-बारावीवाल्यांची रांग असते आणि घरी पेरणीची घाई, म्हणून हा कागद एप्रिलमध्येच काढून ठेवा.

गेटचा स्कोअर कमी आला म्हणून सोडून देणं

स्कोअर तीन वर्षं चालतो. मुंबई आयआयटीच्या इलेक्ट्रिकलमध्ये आरए (रिसर्च असिस्टंट) म्हणून तीन वर्षांचं एम.टेक. करता येतं, मद्रास आयआयटीत संशोधनावर आधारित एम.एस. आहे. अशा जागांना चाचणी किंवा मुलाखत असते. नेटवर्क, मशीन्स आणि गणित पक्कं करून जा, आणि बी.ई.चा प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर त्यातला एकेक कंपोनंट का लावला, एवढं तरी शिकून घ्या.