कोल्हापुरात मूळ भाषेतला चित्रपट पाहताना

चित्रपट मूळ भाषेत पाहायचा असेल, तर खरी दक्षता तिकीट काढतानाच घ्यावी लागते. तिकिटांच्या ॲपवर एकाच चित्रपटाचे हिंदी आणि मूळ भाषेतले खेळ वेगवेगळे दिलेले असतात. घाईत केवळ नाव आणि वेळ पाहून आसन निवडले, तर मल्याळम चित्रपटाच्या जागी त्याचे हिंदी डबिंग पाहावे लागते. म्हणून आधी भाषा निवडावी आणि सबटायटलचा उल्लेख नसेल, तर तिकीट खिडकीवर स्पष्ट विचारून घ्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. नटाचा आवाज हा त्याच्या अभिनयाचा अर्धा भाग असतो आणि डबिंगमध्ये नेमका तोच हरवतो, असे मला मनापासून वाटते. 1932 साली प्रभात कंपनीने याच शहरात ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निर्माण केला, तेव्हा दुसऱ्याचा आवाज चिकटवण्याची सोय हाताशी नव्हती. दोन्ही भाषांतले संवाद कॅमेऱ्यासमोर बोलावे लागत.

सबटायटल बहुतेक वेळा इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचनाची सवय नसलेले आई-वडील बरोबर येणार असतील, तर कथेचा आरंभ आणि पात्रांची नाती त्यांना घरीच सांगावीत, कारण अंधारात कुजबुजत केलेल्या भाषांतराने त्यांचेही लक्ष उडते आणि शेजारच्यांचेही. कन्नड चित्रपटाला ही अडचण कमी येते. सीमाभागाशी नित्याचा संबंध असल्यामुळे ती भाषा समजणारी माणसे येथे पुष्कळ आहेत.

आसन मध्यापासून थोडे मागे घ्यावे. अगदी पुढे बसल्यास तळाच्या ओळी आणि नटाचा चेहरा यांच्यामध्ये नजर सतत खाली-वर करावी लागते. पहिली दहा मिनिटे वाचनाचा ताण जाणवतो, पण त्यानंतर डोळ्यांना लय सापडते. खेळाच्या आरंभी पडद्यावर येणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाची भाषा छापलेली असते, ती अवश्य पाहावी. खेळ चुकीचा लागला असेल, तर तत्क्षणी बाहेर जाऊन व्यवस्थापकांना सांगता येते.

इराणी, फ्रेंच किंवा जपानी चित्रपटांसाठी मात्र नेहमीच्या चित्रपटगृहांवर विसंबू नये. कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीच्या उपक्रमांकडे आणि कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवावे.